रेकॉर्ड ऐकून, टॅबची पुस्तकं बघून ब्लूज गिटार : मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर, परभणी, नांदेड, संभाजीनगर, मधूनच उदगीर नाहीतर माजलगाव. फोन कुठूनही आला तरी प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून एकदाचे लिहून ठेवतोय. अकूस्टिक गिटारवर बोटांनी वाजवायचं अमेरिकन लोकसंगीत आणि १९२०-३० च्या दशकांतला ब्लूज, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या लोकांचं गाणं, एवढाच इथला विषय. टॅब म्हणजे सुरांऐवजी बोट कुठे ठेवायचं ते आकड्यांत लिहायची पद्धत. हिंदी गाण्यांचे कॉर्ड आणि स्ट्रमिंग हवं असेल तर ते शिकवणारे गल्लोगल्ली आहेत, त्यांच्याकडे जा.

आमच्या गावात क्लास नाही. नुसतं ऐकून आणि पुस्तक बघून येतं का?

येतं. भजनी मंडळातल्या पेटीवाल्याला विचारून बघा, कुठल्या क्लासला गेला होता. बहुतेक जण कुठेच गेलेले नसतात. जाणत्याच्या शेजारी बसायचं, कान द्यायचा, घरी येऊन बोटांनी शोधायचं, असंच त्यांचं शिक्षण झालेलं असतं. ब्लूजमध्येही हीच रीत. रॉबर्ट जॉन्सन या ब्लूज गायक-वादकाने १९३६ आणि १९३७ मध्ये टेक्सासमध्ये २९ गाणी रेकॉर्ड केली. त्यांत आधीच्या वादकांच्या तबकड्या ऐकून उचललेलं बरंच काही आहे. आणि पुढच्या सगळ्यांनी त्याच्या तबकड्यांवरून उचललं. १९५२ मध्ये हॅरी स्मिथने जुन्या तबकड्यांतली ८४ गाणी निवडून ‘अँथॉलॉजी ऑफ अमेरिकन फोक म्यूझिक’ हा संच काढला. शहरांतल्या गोऱ्या पोरांची एक अख्खी पिढी त्यावर वाढली.

टॅबच्या पुस्तकामागे तर गुरू असतोच. रेव्हरंड गॅरी डेव्हिस हा अंध वादक न्यूयॉर्कमध्ये घरी शिकवण्या घ्यायचा. त्याचा शिष्य स्टीफन ग्रॉसमन याने ही वादनं टॅबमध्ये उतरवून १९६० च्या दशकापासून पुस्तकं काढली. आज आपण लातुरात बसून जे आकडे वाचतो, ते त्या खोलीतून निघालेले आहेत.

एका गोष्टीसाठी मात्र माणूस लागतो. सुरुवातीलाच कुणातरी गिटारवाल्याला, मग तो ऑर्केस्ट्रातला का असेना, तुमचे हात दाखवा. वाकलेलं मनगट आणि कानापर्यंत चढलेला खांदा पुस्तकाला दिसत नाही.

टॅब वाचायचं कसं? पुस्तक सगळं इंग्रजीत आहे.

इंग्रजीला घाबरू नका, कामाचा भाग आकड्यांचाच आहे. सहा आडव्या रेघा म्हणजे सहा तारा. सगळ्यांत वरची रेघ म्हणजे सगळ्यांत बारीक तार, खालची म्हणजे जाड. गिटार मांडीवर घेऊन खाली बघितलं की जाड तार वर दिसते, त्यामुळे पहिले काही दिवस उलटं वाटतं. रेघेवर ३ लिहिलं असेल तर त्या तारेवर तिसरा फ्रेट (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांमधला तिसरा खण) दाबायचा. शून्य म्हणजे तार मोकळी. एकाखाली एक आलेले आकडे एकदम वाजवायचे. चांगल्या पुस्तकात आकड्यांना खाली किंवा वर दांड्या काढलेल्या असतात. सहसा खालची दांडी अंगठ्याची, वरची बोटांची. आमच्याकडे ही दांडी सगळे सोडून देतात, आणि खरी गोम तिथेच असते.

इंटरनेटवरच्या फुकटच्या टॅबमध्ये बहुधा या दांड्या नसतात, लयही लिहिलेली नसते. नुसते आकडे म्हणजे निम्मंच टॅब.

टॅबमध्ये सगळं आहे, तर रेकॉर्ड कशाला ऐकायची?

सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न हाच. माझ्या मते आपल्याकडची मुलं अडकतात तीही इथेच.

टॅब बोट कुठे ठेवायचं ते सांगतं. किती जोरात, किती वेळ आणि कुठल्या झोकात, ते सांगत नाही. मिसिसिपी जॉन हर्ट या जुन्या ब्लूज वादकाचं कुठलंही वादन घ्या. कागदावर खालचे आकडे आणि वरचे आकडे सारखेच काळे छापलेले असतात. तबकडीवर मात्र खालचा अंगठा हळू, ठाम, न थांबणारा, आणि वरची चाल अशी की माणूस गुणगुणतोय. अंगठ्याच्या मुळाशी असलेला तळहाताचा मांसल भाग ब्रिजजवळ (तारा गिटारच्या छातीला जिथे अडकवलेल्या असतात तिथे) जाड तारांवर अलगद टेकवला की खर्ज ‘टण्ण’ असा न घुमता ‘ठुप’ असा दबका येतो. किती टेकवायचा, हे कुठलाही आकडा सांगू शकत नाही. तबकडीवर मात्र ते पहिल्या दहा सेकंदांत कळतं.

दुसरी गोष्ट लयीची. एका मात्रेचे दोन भाग टॅबमध्ये सारखे छापतात. ब्लूजमध्ये ते बऱ्याचदा सारखे नसतात, पहिला लांब आणि दुसरा आखूड असतो. सारखे वाजवले की सूर बरोबर लागूनही गाणं शाळेच्या कवायतीसारखं वाजतं. आपल्याकडे ढोलकी ऐकलेल्या माणसाला हा झोक समजावून सांगावा लागत नाही, फक्त कान द्यावा लागतो.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी आठवडाभर नुसतं ऐकायचं, गाणं तोंडात बसेपर्यंत. मग गिटारवर जमेल तेवढं स्वतः शोधायचं. पुस्तक शेवटी उघडायचं, अडलेल्या जागेपुरतं. हा क्रम उलटा करणाऱ्याला गाणी पुष्कळ येतात आणि एकही गाणं वाजत नाही.

टॅब आणि रेकॉर्ड जुळत नसतील तर खरं कोण?

रेकॉर्ड. टॅब हा एका माणसाच्या कानाचा अंदाज असतो, आणि मूळ वादक प्रत्येक कडव्याला थोडं वेगळं वाजवतो. शिवाय कधी कधी तीच गोष्ट त्याच पद्धतीने वाजवणं आपल्याला शक्यच नसतं. एलिझाबेथ कॉटन डावखुरी होती आणि उजव्या हाताची गिटार तारा न बदलता उलटी धरायची. त्यामुळे खर्ज बोटांनी आणि चाल अंगठ्याने वाजायची. पुस्तकात तिचं वादन आपल्यासारख्यांसाठी सुलट करून दिलेलं असतं. आकडे बरोबर असतात, पण तिच्या अंगठ्याचं वजन आपल्या बोटात येत नाही.

सर, अंगठा काही केल्या वेगळा चालंना गेलाय. बोटं हलली की तोही अडखळायलाय.

सगळ्यांचा अडखळतो. इथे घाई केली तर पुढची दोन वर्षं वाया.

ई कॉर्ड धरा. डाव्या हाताला काही हलवायचं नाही. उजव्या अंगठ्याने सहावी तार (सहावी म्हणजे सगळ्यांत जाड), चौथी तार, सहावी, चौथी. एक, दोन, तीन, चार. घड्याळाच्या सेकंदाला एक ठोका, त्याहून जलद नको. अनामिका आणि करंगळी गिटारच्या छातीवर हलकी टेकवली तरी चालेल, जॉन हर्ट तसंच करायचा. हे करता करता घरच्यांशी बोला. बाजारातून काय आणायचं, पाणी कधी येणार, काहीही. बोलताना अंगठा थांबला तर अजून बसलेला नाही. गप्पा चालू राहिल्या आणि अंगठाही चालू राहिला, की मग पहिल्या ठोक्याला मधल्या बोटाने पहिली तार अंगठ्याबरोबर एकदम चिमटीत पकडल्यासारखी वाजवा. बाकी तीन ठोक्यांना काही नाही. ते जमलं की दोन आणि तीनच्या मधल्या जागेत तर्जनीने तिसरी तार. ही मधली जागाच अवघड असते, कारण तिथे अंगठा हवेत असतो आणि बोटाला एकट्याने वाजायचं असतं.

सी कॉर्डला नंतर या. तिथे अंगठा पाचवी, चौथी, सहावी, चौथी असा फिरतो, आणि सहाव्या तारेची पाळी आली की डाव्या हाताची अनामिका पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरून उचलून सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर टाकायची असते. सुरुवातीला फक्त पाचवी-चौथी करत राहिलात तरी कुणी पोलीस येत नाही.

गॅरी डेव्हिस फक्त अंगठा आणि तर्जनी वापरायचा, आणि त्या दोन बोटांत अख्खा बँड वाजायचा. तेव्हा ‘तीन बोटं की चार’ या वादात वेळ घालवू नका.

रेकॉर्डवरून स्वतः उतरवून घ्यायचं तर सुरुवात कुठून?

खर्जापासून. आणि त्यासाठी आधी हेडफोन घ्या. गिटारची सगळ्यांत जाड मोकळी तार साधारण ८२ हर्ट्झवर वाजते. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून तो सूर धड बाहेरच पडत नाही. पोरं म्हणतात, ‘खर्ज ऐकूच येत नाही.’ फोनला साधा वायरचा हेडफोन लावला की येतो.

मग मोकळ्या तारा ओळखा. मोकळी तार दाबलेल्या तारेपेक्षा जास्त खणखणीत आणि जास्त वेळ वाजते. खालचा सूर मोकळ्या जाड तारेचा वाटला तर वादक ई मध्ये असण्याची शक्यता मोठी, पाचव्या तारेचा वाटला तर ए मध्ये. इथे एक अडचण येते. जुन्या ७८ च्या तबकड्या मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांनीच कापलेल्या असतील असं नाही, आणि वादकही गिटार स्वतःच्या गळ्याप्रमाणे चढी-उतरी लावायचे. त्यामुळे रेकॉर्डचा सूर दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी अडकतो. ट्यूनर बाजूला ठेवा, गिटार रेकॉर्डला लावून घ्या.

वेग कमी करण्यासाठी पूर्वी मिनिटाला ३३ फेऱ्यांची एलपी १६ फेऱ्यांवर लावायचे. वेग निम्मा, पण सूरही एक सप्तक खाली. आता यूट्यूबवर ०.७५ केलं तरी सूर जागेवर राहतो. ०.५ च्या खाली जाऊ नका, तारांचा आवाज फाटतो आणि झोकही कळत नाही.

बारा बारचा ब्लूज म्हणजे काय?

बारा मापांचं एक आवर्तन. बार म्हणजे माप, चार ठोक्यांचा एक गट. ई मध्ये चार मापं ई, दोन ए, दोन ई, मग बी सेव्हन, ए, ई आणि शेवटी पुन्हा वर उडी मारायला बी सेव्हन. शब्दांचीही घडण ठरलेली : पहिली ओळ, तीच ओळ पुन्हा, मग तिसऱ्या ओळीत उत्तर. एकट्याने गाणारे जुने वादक मात्र ही बारा मापं काटेकोर मोजत नसत. ब्लाइंड लेमन जेफरसन मध्येच गाणं थांबवून गिटारवर दोन ठोके जास्त घेतो. त्याच्याबरोबर मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) लावू नका, दोघंही वैतागाल.

मी पेटीवर राग शिकलोय. त्याचा काही उपयोग?

भरपूर. ब्लूजच्या सुरांचा सांगाडा सा, कोमल ग, म, प, कोमल नी असा आहे. म्हणजे धानीचे सूर तुमच्या बोटांत आहेतच. प्रश्न गंधाराचा. ब्लूजचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी उभा असतो. पेटीवर ती जागाच नाही. गिटारवर कोमल गंधार दाबून तार किंचित ओढली की तो सापडतो. सतारीची मींड ऐकलेला कान तो पटकन पकडतो. खाली कॉर्डमध्ये शुद्ध गंधार वाजत असताना वर हा अर्धवट ओढलेला गंधार येतो. शास्त्रीय शिकलेल्याला ते आधी बेसूर वाटतं. वाटू द्या.

धानीसारखा विस्तार मात्र करत बसू नका. इथे आलाप नाही, अंगठा थांबत नाही.

बोटं लई दुखायलेत. सोडून देऊ का?

नाही. रोज वीस मिनिटं, एकदम दोन तास नको. दोन-तीन आठवड्यांत कातडी टणक होते. दुखणं बोटांच्या टोकाला असेल तर साधं आहे; मनगटात किंवा कोपरात असेल तर थांबा आणि बसायची पद्धत बदला.

बऱ्याचदा दोष बोटांचा नसतोच, तारा फार वर असतात. बाराव्या फ्रेटपाशी जाड तार आणि फ्रेट यांच्यातलं अंतर तीन मिलीमीटरहून बरंच जास्त असेल तर गिटार दुरुस्तीला दाखवा. आणि .०१२ चा संच (सगळ्यांत बारीक तार .०१२ इंच जाडीची) चढवलेला असेल तर .०१० चा चढवा. आवाज थोडा पातळ होईल, बोटं वाचतील.

गिटार कोणती घ्यावी?

स्टीलच्या तारांची, कटवे (मानेजवळ अंगाला दिलेली खाच) नसली तरी चालेल, पिकअप (आवाज स्पीकरला पोचवणारा भाग) नको. आकाराने थोडी लहान असेल तर बोटांनी वाजवायला सोयीची. जिल्ह्याच्या गावातल्या दुकानात तबला, पेटी, टाळ यांचीच गर्दी असते आणि गिटारी वर टांगलेल्या असतात. खाली उतरवून घ्या, प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवून बघा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे. तारांचे दोन-तीन संच जास्तीचे घेऊन ठेवा.

उन्हाळ्यात गिटारचं काय करायचं?

हा प्रश्न पुस्तकांत नसतो, कारण ती पुस्तकं लिहिणाऱ्यांनी परभणीचा मे महिना पाहिलेला नाही. लाकडाला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे हवा त्याच्या कितीतरी खाली जाते. लाकूड आकसतं, फ्रेटची टोकं बाहेर येऊन हाताला बोचतात, गिटारची छाती थोडी बसते आणि तारा खरखरायला लागतात. फारच कोरडं पडलं तर लाकडाला चीर जाते. पावसाळ्यात सगळं उलटं होतं. छाती फुगते, तारा वर जातात.

उपाय साधा आहे. साबणाच्या प्लॅस्टिकच्या डबीला भोकं पाडा, आत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेवा आणि डबी गिटारच्या पेटीत तारांच्या डोक्याकडे ठेवा. पेटी बंद. दोन-तीन दिवसांनी स्पंज पुन्हा ओला. कूलरच्या झोतासमोर गिटार भिंतीला टांगू नका. दिवसा कूलर, रात्री बंद, या हेलकाव्यात लाकडाचे हाल होतात. आणि उन्हात उभ्या गाडीत तर अजिबात ठेवायची नाही. डिंक मऊ पडून ब्रिज उचलला जातो, मग ते काम पुण्याला किंवा हैदराबादला पाठवण्याशिवाय गत्यंतर नसतं.

खऱ्या रेकॉर्डी मिळतात का इकडे?

संभाजीनगरच्या रविवारच्या बाजारात तबकड्या दिसतात, पण त्या हिंदी सिनेमाच्या, कव्वालीच्या, क्वचित जुन्या नाट्यगीतांच्या. ब्लूजची आशा धरून जाऊ नका. इंटरनेटवर जवळजवळ सगळं आहे.

खरखरीची तक्रार पुष्कळ जण करतात. पॅरामाउंट या कंपनीच्या तबकड्या विशेष खरखरतात. ती मुळात विस्कॉन्सिनमधल्या खुर्च्या बनवणाऱ्या कंपनीची शाखा होती आणि माल स्वस्तातला वापरायची. चार्ली पॅटन, ब्लाइंड ब्लेक, ब्लाइंड लेमन, सगळे तिच्याकडेच. त्या काळच्या तबकड्या लाखेच्या असत आणि जगाला लाख मुख्यतः भारतातून जायची. तेव्हा ती खरखर थोडी आपल्याही जंगलातली आहे असं समजा आणि ऐका. आठ-दहा वेळा ऐकल्यावर कान ती गाळायला शिकतो.

सुरुवात कुणापासून करू?

जॉन हर्ट. दुसरं नाव सुचवतच नाही. त्याने १९२८ मध्ये ओके या रेकॉर्ड कंपनीसाठी काही गाणी रेकॉर्ड केली, ती फारशी खपली नाहीत आणि तो आपल्या गावी शेतीकामाला परत गेला. १९६३ मध्ये टॉम हॉस्किन्स नावाच्या तरुणाने गाण्यात आलेल्या अ‍ॅव्हलॉन या गावाच्या नावावरून त्याला शोधून काढलं, आणि त्याच वर्षी म्हातारा न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात वाजवत होता. १९६६ मध्ये तो गेला. मधल्या तीन वर्षांतली ध्वनिमुद्रणं स्वच्छ आहेत, त्यामुळे १९२८ चं आणि नंतरचं वादन शेजारी ठेवून ऐकता येतं. शिकणाऱ्याला याहून मोठी सोय नाही.

नंतर एलिझाबेथ कॉटन, मग ब्लाइंड ब्लेक. रॉबर्ट जॉन्सन सगळ्यांना पहिल्या दिवशी हवा असतो. तो दोन वर्षांनी.

ही त्यांची गाणी. आपण का वाजवायची?

चार्ली पॅटनने १९२९ मध्ये कापसावरच्या भुंग्यावर गाणं रेकॉर्ड केलं. त्या किडीने अमेरिकेच्या दक्षिणेतली कापसाची शेती उद्ध्वस्त केली होती. त्यांचा भुंगा वेगळा, आपली गुलाबी बोंडअळी वेगळी, पण बीड-जालन्याकडच्या माणसाला त्या गाण्याचा अर्थ सांगत बसावं लागत नाही. आंबेडकरी जलशांची गाणी ऐकत वाढलेल्यालाही लागत नाही. म्हणून ते दुःख आपलंच आहे असा आव आणू नका. गुलामीतून आलेल्या लोकांचं ते संगीत आहे, त्यांची नावं घेऊन वाजवा. कार्यक्रमात ‘एक वेस्टर्न ट्यून’ म्हणून सुरू करणाऱ्यांचा मला राग येतो.

भजनी मंडळात वाजवता येईल का?

येईल, पण टाळ-मृदंगापुढे ऐकू येणार नाही. एखाद्या गायकाला घरगुती साथ करायची असेल तर कॅपो (मानेवर सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) घ्या. काळी एक असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सी चे आकार, काळी दोन असेल तर तिसऱ्यावर कॅपो आणि सी चेच आकार, काळी चार असेल तर पहिल्यावर कॅपो आणि जी चे आकार. पेटी जुनी असेल तर आधी तिच्याशी गिटार लावून घ्या. पेटी तुमच्या ट्यूनरचं ऐकणार नाही.

हॉस्टेलवर राहतो, नीटची तयारी चालू आहे. रात्री वाजवलं की बाकीचे ओरडतात.

बरोबर ओरडतात. ब्रिजजवळ तारांखाली हातरुमालाची घडी सरकवा, आवाज निम्म्याहून कमी होतो आणि अंगठ्याचा सराव तर आणखी चांगला होतो. लाईट गेली की मात्र गच्चीवर जा. अकूस्टिक गिटारला करंट लागत नाही, आणि अशा वेळी कुणी ओरडतही नाही.

स्लाइड कधी शिकावी?

स्लाइड म्हणजे बोटात नळी घालून ती तारांवर सरकवत वाजवणं. ती साध्या ट्यूनिंगमध्ये अंगठा पक्का झाल्यावर. मग तारा जाड बाजूकडून डी, जी, डी, जी, बी, डी अशा लावा. स्टीलची नळी करंगळीत घाला, आणि ती फ्रेटच्या मागे नाही, थेट फ्रेटच्या धातूच्या पट्टीवर आणा. दाबायचं नाही, टेकवायचं. मोहनवीणा ऐकत असाल तर सूर कुठे थांबवायचा ते आधीच कळलेलं असतं. मोहनवीणावादक विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांचं एकत्र वादन नक्की ऐका, त्याला १९९४ मध्ये ग्रॅमी मिळाला.

बारा तारांची गिटार घेऊ का? लेड बेली वाजवायचा ना?

वाजवायचा, आणि त्याच्या हातात ताकद होती. तुम्ही सध्या सहा तारा सुरात ठेवा.